सोळा कुलपांचा वाढदिवस

सून : सोळाच्या सोळा? एकाचीही किल्ली नाही?

सासरे : नाही. किल्ल्यांचं दुकान बंद केलं तेव्हा कुलपं या डब्यात आली आणि किल्ल्या कुठे गेल्या देव जाणे. म्हणून म्हणतो, सूनबाई, हा नाद सोड. वाढदिवसाला वाटायला बाजारातून तयार पाकिटं आण. पेन्सिल, खोडरबर, दोन चॉकलेटं. मुलं खूश, आपण मोकळे.

नात : पाकिटात गुपित राहत नाही, आजोबा.

सासरे : अगं, ही कुठून बोलते आहे?

सून : पलंगाखालून. मघापासून तिथेच आहे. वाढदिवस गुपितांचा करायचाय ना, तिची तालीम चाललीय.

नात : मला सात वर्षं पूर्ण होणार, तरी माझ्याकडे कुलूप लागेल असं काहीच नाही. वर्गात कुणाकडेच नाही, मी सगळ्यांना विचारलं. म्हणून पंधरा जणांना आणि मला एकेक खोकं, एकेक कुलूप, एकेक किल्ली. आईने खोकी केलीसुद्धा.

सासरे : कशाची?

सून : तान्ह्या बाळांच्या बुटांची. आमच्या दुकानात ती नुसती साठतात, मालक रद्दीत घालतात. वर निळा कागद चिकटवला. नाडी ओवायची रिंग असते ना, ती एक झाकणाच्या पट्टीला ठोकली, एक खोक्याला. दोन्ही एकावर एक आल्या की कुलपाची कडी आरपार जाते. हे बघा.

सासरे : रिंग अगदी सरळ बसली आहे. कुणाकडून करून घेतलंस?

सून : कुणाकडून कशाला? बारा वर्षं बुटांच्या दुकानात काय माशा मारल्या मी?

सासरे : काम नेटकं आहे, नावं ठेवायला जागा नाही. पण हा माझा हात बघ. कप उचलायच्या आधीच बशी वाजायला लागते. या हाताने केलेली किल्ली त्या गिऱ्हाईक बाईच्या दारात मोडली आणि ती तान्हं लेकरू घेऊन दोन तास जिन्यात बसली. दुसऱ्या दिवशी तुझ्या नवऱ्याने दुकान बंद करायला लावलं. त्याचं काय चुकलं?

सून : चुकलं असं नाही म्हणत मी. पण चाळीस वर्षांत मोडलेली किल्ली एक. न मोडलेल्या कुणी मोजल्या?

सासरे : लोक मोडलेलीच लक्षात ठेवतात, बाई.

नात : आजोबा, जुनी किल्ली नसताना नवी कशी करतात?

सासरे : कोरी किल्ली मेणबत्तीवर धरून काळी करायची. कुलपात घालून हलकेच फिरवायची. आत जिथे अडेल तिथली काजळी पुसली जाते. तेवढ्याच जागी कानस घासायची. पुन्हा काळी करायची, पुन्हा आत घालायची. कुलूप आपणहून सांगतं, मला इथे टोचतंय म्हणून.

नात : मग एकाला विचारा ना. एकालाच.

सून : मेणबत्ती मी लावते. कोऱ्या किल्ल्या आणि कानशी तुमच्या ट्रंकेत आहेत. नाही म्हणू नका, केर काढताना ती जड ट्रंक रोज मीच सरकवते.

सासरे : मायलेकींनी आधीच कट केलेला दिसतोय. आणा. एकच करीन, सांगून ठेवतो. आणि ती खिडकी पुरती उघड, उजेड येऊ दे.

नात : आजोबा.

सासरे : मधे बोलू नकोस.

नात : पण तुमचा हात थांबला.

सासरे : काय?

सून : खरंच की, बाबा. हलत नाहीये.

सासरे : थांब. कानस खाली ठेवतो. हा बघ, लागला नाचायला. आता उचलतो. हं. थांबला. म्हणजे हा रिकामा असला की थयथयाट करतो, आणि काम दिलं की गुमान बसतो. आणि मी याला दोन वर्षं रिकामा ठेवलाय.

सून : मग ती किल्ली मोडली कशाने?

सासरे : माझ्या घाईने. कोरी किल्ली हलक्या पत्र्याची होती, दिसत होतं मला, तरी तीच घासून दिली. मुलगा म्हणाला हात गेला, मीही हो म्हटलं. हातावर ढकलणं सोपं गेलं.

नात : आजोबा, उघडलं हे.

सासरे : उघडणारच. दुसरं दे.

(रविवारची संध्याकाळ. बाहेरच्या खोलीत सोळा मुलं आणि सोळा निळी खोकी.)

नात : आजोबा, चला लवकर. चौदा उघडली, दोन उघडत नाहीत. एक चष्मेवाल्याचं, एक माझ्या बाकावरचीचं. ती रडायच्या बेतात आहे.

सून : बाबा, तुमचा मुलगा दारात उभाय. तयार पाकिटांची पिशवी आणून ठेवलीच होती त्याने, आता वाटू का म्हणून खुणावतोय.

सासरे : दोन मिनिटं उभा राहू दे. ये गं बाळ, किल्ली बघू तुझी. जोर लावू नकोस, कुलपाशी भांडायचं नसतं. हं, ही त्या गोल कुलपाची. तुझं तर चौकोनी. चष्मेवाले, तुमची द्या इकडे. बरोबर. ही हिची. खाली बसताना अदलाबदल झाली तुमची.

नात : तुम्ही बघितलीपण नाही, नुसतं बोट फिरवलं.

सासरे : सोळाही माझ्या हातच्या आहेत. बघायचं काय त्यात? हं, घाला आता. पूर्ण आत जाऊ दे. फिरवा.

नात : टक. दोन्ही उघडली.

सून : सोळा झाली, बाबा. टाळ्या ऐकताय ना? तुमच्यासाठी आहेत.

सासरे : ऐकतोय. जरा खुर्ची सरकव.

सून : बसा. आणि आता बघा गंमत. प्रत्येकाच्या खोक्यात एक कोरा कागद ठेवलाय, स्वतःचं गुपित लिहायला. सोळा पोरं एकमेकांकडे पाठ करून बसलीत. केक समोर आहे आणि कुणाचं लक्ष नाही.

सासरे : माझ्या नातीने काय लिहिलं?

नात : ते नाही सांगणार. कुलूप लावलंय.

सासरे : चांगलं केलंस. 

(थोड्या वेळाने. खोली रिकामी झाली आहे.)

सासरे : गेली का सगळी मुलं, सूनबाई?

सून : आत्ता शेवटचा गेला. किल्ली गळ्यात बांधून गेला. त्याचे वडील दारात विचारत होते, तुमचे सासरे कुलपं-किल्ल्यांचं काम करायचे का हो?

सासरे : मग तू काय सांगितलंस?

सून : मी तोंड उघडायच्या आत तुमचा मुलगाच बोलला. म्हणाला, "करायचे नाही, करतात."

सासरे : असं म्हणाला?

सून : अगदी असंच.

सासरे : बरं. कुणी किल्ली करून घ्यायला आलंच, तर दहानंतर या म्हणावं. आधी मी पेपर वाचतो.