दोनदा म्हणजे डावीकडे

...आणि वर लायब्ररीतली माणसं मलाच म्हणतात, "घाबरू नका!" अहो, घाबरतंय कोण? मी घाबरलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सायकल दुरुस्तीचं दुकान आहे माझं, पाना हातात घेऊनच मोठा झालोय. पण तुम्हीच सांगा, आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला लायब्ररीत नेऊन उभं केलं, चारी बाजूंनी छतापर्यंत पुस्तकं, आणि सगळी माझ्याकडे पाठ करून उभी, तर काय होणार? घाम फुटला. उकाड्याचा हो! घाबरलो नाही मी.

हे सगळं ताईमुळे. माझी थोरली बहीण. लहान मुलांसाठी तिनं मनगटावरचा एक पट्टा बनवला होता. दिसायला घड्याळासारखा, पण काटे नाहीत, पडदा नाही, एक अक्षर नाही. पोरानं काउंटरवर पुस्तक सांगायचं, पट्टा बांधायचा आणि निघायचं. पट्टा थरथरत थरथरत त्याला कपाटापर्यंत नेणार. मी म्हणायचो, "ताई, निदान एक बाण तरी दाखव!" तर म्हणायची, "बाण दाखवला की पोर बाणाकडेच बघत चालतं आणि खांबावर आपटतं. छोट्या, डोळे पुस्तकांवर राहू देत ना त्याचे."

ताई नाही आता. सात आठवडे झाले. ताप आला, आणि चौथ्या दिवशी... जाऊ दे. मी लायब्ररीचं सांगत होतो.

तर तिच्या ऑफिसातल्या इंजिनिअरसाहेबांचा फोन. नाकात बोलतात ते. "अहो, ताईंच्या वहीत शेवटच्या पानावर तुमचं नाव आहे. लिहिलंय, शेवटची चाचणी छोट्याची. त्याला जमलं तर कुठल्याही पोराला जमेल." आता हा काय मान झाला? मेल्यावरसुद्धा माझी अक्कल काढायची सोडली नाही बाईनं!

मी म्हटलं, "आणि नाही जमलं तर?"

"मग माझा बाणांचा पडदा आहेच तयार. ताईंचा पट्टा कपाटात ठेवू. जपून."

जपून म्हणे! दोन वर्षं तिनं त्या पट्ट्यापायी जेवणं थंड केली, आणि सगळं येऊन टेकलं कुणावर? माझ्यावर! ज्याला स्वतःच्या दुकानाची पाटी लिहायला ताई लागली, त्याच्यावर! तरी घाबरलो नाही मी.

तिथं गेलो तर माझ्या आधी एक सात वर्षांची मुलगी. पुढचे दोन दात गायब. पट्टा बांधला, गेली, आणि मिनिटाभरात बेडकांचं पुस्तक घेऊन हजर! माझ्याकडे बघून म्हणते, "काका, सोप्पंय. पाय का थरथरतायत तुमचे?"

काका! एकोणीस वर्षांचा आहे मी!

ग्रंथपाल बाईंनी माझ्या हाताला पट्टा बांधला. मी विचारलं, "थरथरला की काय करायचं?" इंजिनिअरसाहेब म्हणाले, "ते आधी सांगायचं नाही. तीच तर चाचणी आहे." बघा! म्हणजे परीक्षा, तीही अभ्यासक्रम न सांगता! शाळा काय उगाच सोडली मी?

चार पावलं टाकली. आणि पट्टा थरथरला. दोनदा. हलकेच.

मी जागीच उभा. कारण मला माहीत होतं हो ते... लहानपणी ताई मला हाताला धरून शाळेत न्यायची. रस्त्यात वाहनांचा इतका गोंगाट की बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून हात दाबायची. दोनदा म्हणजे डावीकडे. एकदा म्हणजे उजवीकडे. लांब दाबला की थांब. आणि तीनदा म्हणजे पोचलो, आता सोड हात.

मी डावीकडे वळलो. एकदा थरथरला, उजवीकडे वळलो. लांब थरथरला, तर थांबलो आणि दोन कपाटांच्या मध्ये उभा राहून दोन्ही बाजूंनी गाडी येतेय का ते बघितलं! मागून इंजिनिअरसाहेब कुजबुजले, "हे काय करतायत?" बाई म्हणाल्या, "गप्प बसा हो!" तेवढ्यात समोरून पुस्तकांची ढकलगाडी गेली. मी पुढे निघालो.

मग तीनदा थरथरला. समोर पुस्तक. चित्रांचं. सायकल कशी चालते. ताईनंच माझ्यासाठी नोंदवून ठेवलेलं.

"जमलं!" इंजिनिअरसाहेब एवढ्या जोरात ओरडले की लायब्ररीतली पोरं त्यांनाच शू शू करायला लागली. "हाच पट्टा ठेवू. द्या, काढा आता."

तुम्हाला सांगतो, तेव्हा मात्र टरकली माझी. तीनदा म्हणजे सोड हात... कसा सोडू?

मी म्हटलं, "अजून एक पुस्तक हवंय."

"कुठलं?"

"कुठलंही. लांबचं द्या."

पाच पुस्तकं झाली. मग बाई कार्डाचा फॉर्म घेऊन आल्या. "पट्टा फक्त बालविभागात मिळतो, आणि बालविभाग बारा वर्षांपर्यंत. तुमचं वय?" मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पट्ट्याकडे बघितलं, आणि गपचूप लिहिलं, बारा.

आता दर रविवारी जातो. सगळ्या पोरांमध्ये मीच उंच. दोन दात पडलेली ती पोरगी दर वेळी विचारते, "काका, आज भीती वाटली?"

वाटली म्हणतो. बाराच वर्षांचा आहे मी, चालतं तेवढं.