साहेब, नेट आणि जामसंडे

मी उगाच तापते म्हणता ना, मग ऐका. जामसंड्यात घरी बसून मी पुण्याच्या कंपनीचं काम करते. मासळीच्या गाड्यांचं तापमान मिनिटामिनिटाला आमच्या डेटाबेसमध्ये जमा होतं. गाडीचा दरवाजा उघडा होता त्या वेळात तापमान किती चढलं, एवढाच रिपोर्ट. पण तो निघेपर्यंत माणूस जेवून येईल. साहेबांचं एकच, "तुमच्या कोकणातलं नेट स्लो." अहो, सर्व्हर तुमच्या ऑफिसात आहे, माझ्या माडाखाली नाही.

रिपोर्टसाठी डेटाबेसला विचारायची क्वेरी साहेबांनीच लिहिलेली. वेळेच्या कॉलमवर फंक्शन लावलेलं, त्यामुळे हवी ती नोंद पटकन शोधून देणारा इंडेक्स असून नसल्यासारखा, आणि दरवाजा उघडला की दरवेळी वर्षभराच्या नोंदी पहिल्यापासून चाळायच्या. मी फंक्शन काढलं. दरवाजा उघडल्यापासून बंद होईपर्यंतच्या नोंदी थेट उचलायच्या, बस. टाइप करताना आई आतून म्हणते, "गो, त्या मशीनीक कित्याक बडवतंस?"

"मशीनीक नाय गे, सायबाक बडवतंय."

दुसऱ्या दिवशी ऑनलाइन मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांसमोर बटण दाबलं. रिपोर्ट लगेच हजर. म्हणतात कसे, "बघा, आज जामसंड्याचं नेट सुधारलेलं दिसतंय."

मी म्हटलं, "सर, इथे सकाळपासून लाईट नाही. वायफाय बंद आहे. रेंजसाठी मी देवळाच्या पायरीवर उभी राहून बोलतेय. रिपोर्ट तुम्ही पुण्यात काढलात."

साहेब म्हणाले, "हॅलो, तुमचा आवाज तुटतोय."

बाकी सगळे हसत होते. त्यांना नीट ऐकू गेलं होतं.