देवापुढचा डोनट

अगो, डोनट म्हटलं की मला अजून हसू येतं. आम्ही तेव्हा नवीनच वरसे गावात राहायला आलो होतो. शेजारच्या लीनाचा नवरा बोटीवर कामाला, त्याने संत्र्याची गोड दारू आणलेली. लीना म्हणाली, "चल गो, डोनट तळू आणि वरून या दारूचा पाक लावू." डोनट म्हणजे मेदूवड्यासारखे भोक पाडलेले, पण मैद्याचे. कढईत सोडले तसे असे टम्म फुगले, मी तर टाळ्याच वाजवल्या! माझ्या लेकीसाठी मात्र दोन बिनपाकाचे आधीच बाजूला काढले. दारू ती दारूच, जीव घाबरतो ना.

तेवढ्यात आमच्या गावाहून, कासूहून, सासूबाई आल्या. घरात काही तळलं की आधी देवाला, हा त्यांचा नेम. मी ताट लपवेपर्यंत त्यांनी पाक लावलेला डोनट देवापुढे ठेवून हातसुद्धा जोडले!

आता या मला माहेरीच धाडतात, असं वाटलं. रडवेली होऊन म्हटलं, "आई, उचला तो! त्याच्यात दारू हाय!"

"किती?"

"दोन चमचे."

सासूबाईंनी डोनट उचलला, वास घेतला आणि होता तिथेच परत ठेवला.

"अगो, आमच्या मिठागराच्या राखणदार देवाला कोंबड्यासंगती आख्खी बाटली लागते. तू याला दोन चमच्यांत भागवतेस व्हय? आण ती बाटली हिकडं!"