माळ्यावरचा सायलेन्सर

करी रोडच्या बस स्टॉपवर मेघनाच्या मागे एक म्हातारं जोडपं येऊन उभं राहिलं.

"व्हायोला, गिऱ्हाईक परत गेलं. डॅडींची बुलेट नको म्हणाला."

"का रे?"

"सायलेन्सर डुप्लिकेट आहे म्हणे. कंपनीचा छाप नाय, टिचकी मारली तर डब्यासारखा वाजतो."

"मग आपल्या लॅन्सला काय सांगणार? तो तर विकाच म्हणून मागे लागलाय."

"सांगेन, कोण घेत नाय. सकाळपासून आत्ता कुठे भूक लागली बघ मला."

"घरी गेल्यावर आमलेट करते."

"पण ओरिजिनल गेला कुठे?"

"माळ्यावर आहे, ख्रिसमसच्या ताऱ्यामागे. तू वसईला गेलेलास तेव्हा मीच मेकॅनिकला बोलावून बदलून घेतला."

मेघनाची बस आली. ती चढली नाही.

"व्हायोला, रविवारी दुसरं गिऱ्हाईक येतंय."

"येऊ दे की."