चिडाच्या सुया

शेवंतीची कुंडी धरून यमुनाबाईंचे हात भरून आले होते. तेवढ्यात गारखेड्याच्या पुष्पप्रदर्शनात झाडांची नोंद करायच्या रांगेत एक साहेब घुसले आणि पुढच्या बाईजवळचं चिडाचं, म्हणजे पाइनचं, रोप निरखू लागले.

“दगडाबाई, हे आमच्या पोर्चमधलं ना?”

“व्हय. मेलं म्हणून तुमीच उकिरड्यावर फेकलं, अन् त्याच दिशी मला कामावरून काढलं.”

“तुझ्याच हातानं वाळलं ते.”

“लई सांगितलं, सावलीतून काढा, युरिया बंद करा. तुमी मुठीनं घालत राहिले.”

“जाऊ दे. झाड माझं आहे, नोंद माझ्याच नावानं होईल.”

“तुमचं हाय की! खाली बघा. लांब, मऊ, लोंबत्या सुया तुमच्या पोर्चमधल्या. वरच्या आखूड, जाड, टोचणाऱ्या सुया माझ्या अंगणातल्या. तिथं ऊन हाय अन् कुजलेल्या पाल्याचं खत हाय.”

“मग?”

“मग तुमच्या तेवढ्या तोडून घ्या, अन् त्यांना तुमचं नाव लावा.”

साहेब रांगेतून निघून दाराशी जाऊन उभे राहिले. टेबलामागच्या माणसानं विचारलं, “बाई, नाव काय लिहू?”

“दगडाबाई. अन् मोठ्या अक्षरात लिवा, साहेबांना तिथून वाचता आलं पायजे.”