माझ्या नळ्यांना हळद लागली

नाही, पण मी म्हणते, ओळखायचं फक्त एकालाच ना? एकालाच! त्यात एवढं अवघड काय आहे? तुम्हाला सांगते, अंधेरीच्या लॅबमध्ये माझं तारुण्य चाललंय आणि माझ्या नळ्या दिसेल त्याला मिठ्या मारतायत! नळ्या म्हणजे प्लंबरच्या नव्हेत हो... कार्बनच्या, केसाहून हजारो पटींनी बारीक. त्यांच्याभोवती डीएनएची लडी गुंडाळायची, वरून लेसर मारायचा की त्या चमकतात. म्हणजे आपल्याला दिसत नाही, मशीनला दिसतं. आणि डीएनए म्हणजे गेटवरचा वॉचमन! ठरलेला पाहुणा आला तरच आत सोडायचा, तो नळीला चिकटला की चमक बदलते, बाकी सगळे बाहेर. नाही जमलं तर डीएनएची अक्षरं बदला, नवा वॉचमन ठेवा. सोप्पं! कागदावर. प्रत्यक्षात माझा प्रत्येक वॉचमन आमच्या बोरीवलीच्या सोसायटीतल्या शिवदाससारखा. पार्सलवाले आत, गाद्या विकणारे आत, भटकी मांजरं आत, आणि माझा सख्खा मामा आला की, "किधर जाने का है?"

अरे, ओळखायचं फक्त एकालाच!

माझा पाहुणा कोण? युरिक ॲसिड. का? तर बाबांचा अंगठा! आमचे बाबा बांगडे हाणतात, अंगात ते ॲसिड वाढतं, रात्रीतून पायाचा अंगठा टम्म फुगतो आणि विचारलं की चेहरा कसा, गरीब गाय! "मी? वरणभात खाल्ला गं." मला असा सेन्सर करायचाय की थुंकीचा एक थेंब टाका, खरं-खोटं बाहेर! सुई नको, रक्त नको, गल्लीतल्या कुणालाही जमेल असा... हसताय काय? जग असंच बदलतं!

तर माझ्या गाईड, मृणालिनी मॅडम, चहा ढवळत म्हणतात, "अबोली, दसरा झाला की कमिटी येतेय. एकच रेणू ओळखणारा सेन्सर दाखव, नाहीतर प्रोजेक्ट बंद." बंद! बिस्किट बुडवता बुडवता म्हणाल्या हो!

आणि मध्येच आली खंडेनवमी. आता लॅबमध्ये कसली खंडेनवमी? तर मशीनला झेंडूचा हार, लेसरला कुंकू! मी म्हटलं, "मॅडम, आपण विज्ञानवाले ना?" तर म्हणतात, "गप गं. वर्षभर राबतात बिचारी, एक दिवस तरी त्यांचा नको?" आणि माझी थेंब टाकायची पिपेट घेतली, तिला हळद लावली. लावली म्हणजे किती? नवरीला लावतात तेवढी!

दसऱ्यानंतर नळ्यांवर नवाकोरा वॉचमन ठेवला, युरिक ॲसिडचा थेंब टाकला आणि... काय सांगू! चमक अशी बदलली, स्क्रीनवरची रेघ थेट छताला! मी नाचले, मॅडमनी पेढे मागवले, बाबांना फोन केला, "आता बघा तुमचे बांगडे!" आणि हा मुकुल, शेजारच्या टेबलावरचा, जन्मजात खडूस, पेढा खात म्हणतो, "साधं पाणी टाकून बघ ना यार."

कशाला?

"बघ तर."

बघितलं. पाण्यालाही तेवढीच उडी! वाट लागली ना! मुकुलनं पिपेटच्या टोकावरून बोट फिरवलं, मला दाखवलं. पिवळंधम्मक! पिपेट बदलली. युरिक ॲसिड टाकलं... नळ्या ढिम्म. मीठ, ढिम्म. साखर, ढिम्म. मुकुलची थुंकी, ढिम्म! चिमूटभर हळद टाकली... दिवाळी!

ओळखायचं फक्त एकालाच. ओळखलं की! पण कुणाला?

कमिटीपुढे मी जे झालं ते सगळं सांगून टाकलं, पिपेटच्या लग्नासकट. आवाज रडवेला. तर त्यातले एक सर खुर्चीतून उठलेच, "अहो, फक्त हळदच? दुसऱ्या कशालाच नाही? झकास! प्रोजेक्ट चालू, आता हळदीवरच काम करा!" मी म्हटलं, "सर, पण बाबांचा अंगठा..." ते म्हणाले, "कुणाचा काय?"

घरी आले तर बाबा सोफ्यावर, पाय उशीवर, अंगठा टम्म, अंगठ्यावर आईनं थापलेला हळदीचा लेप, हातात हळदीचं दूध आणि स्वयंपाकघरातून बांगड्याचा घमघमाट. "वरणभात खाल्ला गं!" मी काही विचारलंसुद्धा नव्हतं!

मग आईला बसवून सगळं समजावलं, नळ्या, डीएनए, लेसर, न दिसणारा प्रकाश, कमिटी, टाळ्या. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं खपून हळद ओळखणारं मशीन केलंस? अगं बाई... ती पिवळी असते."