चुलीमागच्या टाइल्स

नाही, इस्माईलभाई, ती काढलेली टाइल माझ्या हातात देऊ नका — तिथेच ठेवा, पोत्यावर. शी! काय आहे हे मागे? तेल, काजळी, झुरळांची अंडी — सहा वर्षं या भिंतीसमोर आमच्या भाकरी भाजल्या गेल्या आणि मागे ही वसाहत नांदत होती! मी रोज पुसत होते, बरं का, सोडा लावून — समोरून. मागून कोण पाहतं? कुणीच नाही. चार कोपऱ्यांत सिमेंटच्या मालाचे चार गोळे आणि मधे पोकळ — याला काम म्हणतात? तुमच्याच हातचं आहे, नाकारू नका. गेल्या महिन्यात याच चुलीपुढे सासूबाई भाकरी थापत होत्या, टाइल तडकली, तुकडा उडून थेट मनगटावर — सात टाके. त्या मेडशीला दिरांकडे गेल्या त्या गेल्याच. आज दोनच्या एसटीने येतायत, त्याआधी भिंत नवी हवी. टाके पडले तेव्हा डॉक्टरांना, दिरांना, गल्लीत विचारील त्याला मी सांगितलं, की मिस्त्रीने हलगर्जीपणा केला. तुमचं आसेगावचं काम त्यामुळे गेलं म्हणे — त्याला मी काय करणार?

असे बघू नका. बोला काहीतरी — नको, नकोच. काय बोलाल ते ठाऊक आहे मला. "मॅडम, मातीवर माल धरत नाही, पह्यले माती खरवडू द्या. अन् ह्या टाइल न्हाणीघराच्या हायेत, आंचेनं फुटतीन." सहा वर्षांपूर्वी म्हणाला होतात, शब्दशः आठवतं. पण रविवारी कॉलेजातले सहकारी जेवायला यायचे होते, खरवडण्यात दोन दिवस गेले असते — आणि मी पदार्थविज्ञान शिकवते, मला तुम्ही उष्णता समजावणार? तापल्यावर कोणता पदार्थ किती प्रसरण पावतो, हे दर वर्षी फळ्यावर लिहिते मी. दर वर्षी! आणि इथे उभी राहून रंग निवडत होते. सासूबाई दारातून म्हणाल्या, "चुलीले मातीच लागते, बाई. मी सारवतो ना दर शुक्रवारी." मी म्हटलं, पाहुण्यांना शेणाच्या भिंतीपुढे जेवायला बसवू? त्यांच्या तोंडावर म्हटलं. हात सारवणाचेच होते त्यांचे तेव्हा. त्यांनी ते पदराआड घेतले.

थांबा! छिन्नी लावू नका तिथे. हे — हे बोटांचे वळसे आहेत? त्यांच्या सारवणाचे? एक पोपडा नाही सुटलेला. आणि तुमच्या मालाच्या गोळ्यावर पाहा, तेच वळसे उमटलेत, उलटे. घाण सगळी टाइललाच लागली आहे. माझ्या टाइलला.

ती टाइल्सची नवी पेटी उघडू नका. परत न्या. माल कालवलाय? मग टाकून द्या. भिंत अशीच राहील, सारवून घेऊ. कोण सारवणार म्हणजे? त्यांच्या मनगटाला सात टाके पडलेत, त्या सारवतील? — हसू नका, इस्माईलभाई. ताजं शेण कुठे मिळेल? धरमसिंगच्या गोठ्यात? शी... ताजं म्हणजे कोमट असतं का हो? — राहू द्या, सांगू नका. ती तुमची बादली ठेवा इथे, शेण मीच आणते. आणि दोनला परत या. सासूबाईंना मला एक वाक्य सांगायचं आहे, ते तुमच्यादेखत सांगायला हवं. मग आसेगावच्या त्या मालकांना फोन लावून द्या, त्यांनाही तेच सांगेन.

आता जा. जा म्हटलं ना — शेणात हात घालताना मला कुणी पाहिलेलं नको आहे.